गिझरचं बिल अभ्यंगस्नानाच्या आधीच कमी करा

नरकचतुर्दशीला पहाटे साडेचारला माझा फोन वाजायला लागतो. "दादा, गिझर तापत नाहीये." "दादा, गिझर लावला की घरातली सगळी लाइट जाते." उन्हाळा-पावसाळ्यात जेमतेम चाललेलं ते यंत्र त्या दिवशी पाव्हण्यांसकट आठ-दहा जणांसाठी सलग दोन तास चालतं, आणि आत जे बिघडून बसलेलं असतं ते सगळं उटणं लावून थांबलेल्या माणसांपुढे उघडं पडतं. मी जातो, दुरुस्त करतो. पण दरवर्षी वाटतं, हेच काम कोजागिरीच्या सुमाराला केलं असतं तर त्यांची दिवाळी सुखाची झाली असती आणि पुढच्या तीन महिन्यांचं बिलही उतरलं असतं.

पिंपळगाव बसवंतला गेली सत्तावीस वर्षं मी घरगुती वायरिंगची, मोटारींची आणि गिझरची कामं करतो. आमचा निफाड तालुका म्हणजे राज्यात थंडीची बातमी आली की पहिलं नाव. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा चार-पाच अंशांवर उतरतो, द्राक्षबागांत मणी तडकू नयेत म्हणून रात्रभर शेकोट्या पेटतात. तरी आमच्याकडे घर तापवायची रीत नाही. थंडीतलं वाढलेलं बिल बहुतेक करून आंघोळीच्या पाण्याचं असतं, म्हणून सुरुवात पाण्यापासून करू.

हिशेब एकदाच समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप कळतं. एक लिटर पाणी एक अंशानं तापवायला एक किलोकॅलरी लागते, आणि विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. बादली वीस लिटरची धरा आणि आंघोळीचं पाणी ४० अंशांचं. मे महिन्यात टाकीतलं पाणी ३० अंशांवर असतं. दहा अंश वाढवायचे म्हणजे २०० किलोकॅलरी, पाव युनिटाच्या आत काम भागतं. डिसेंबरात पहाटे त्याच टाकीतलं पाणी १५ अंशांवर आलेलं असतं. आता पंचवीस अंश वाढवायचे, ५०० किलोकॅलरी, जवळजवळ सहा दशांश युनिट. बादली तीच, माणूस तोच, वीज अडीच पट. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या म्हणजे महिन्याला सत्त्याऐंशी युनिटं फक्त पाण्याची. ही युनिटं बिलात सगळ्यात वर चढून बसतात, आणि शंभर युनिटांच्या पुढचा दर आधीच्या दराच्या जवळपास दुप्पट असतो. महिन्याला नव्वद युनिट जाळणारं घर थंडीत पावणेदोनशेला पोचतं, आणि बिल पाहून लोक म्हणतात, मीटर फास्ट पळतंय.

मीटरवर संशय असेल तर तो आधी फेडून घ्या. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी ३२०० किंवा १६०० असा इम्पल्सचा आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं बाकी सगळं बंद करा, एकटा गिझर लावा. दोन हजार वॅटचा गिझर असेल तर दिवा मिनिटाला साधारण १०७ वेळा लुकलुकायला हवा. १६०० चं मीटर असेल तर ५३ वेळा. गिझर लावून अर्धा-पाऊण तास झाला, कोणी पाणी घेतलेलं नाही, तरी दिवा त्याच वेगानं पळतोय? मग थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की वीज तोडणारा भाग, अडकलेला आहे. तो गिझर तसाच चालवू नका.

पाणी मुळात गार होऊ देऊ नका

तापवलेलं पाणी कसं राखायचं हे पुष्कळ जण विचारतात. न तापवलेलं पाणी किती गार होऊ द्यायचं, हे मला आजवर कोणी विचारलेलं नाही, आणि सगळ्यात मोठी बचत तिथेच आहे.

ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी एक करून पाहा. पहाटे मोटार लावा आणि नळीतून येणाऱ्या पाण्याखाली हात धरा. कोमट लागेल. थंडीत विहिरीतून वाफ निघताना आपण सगळ्यांनी पाहिली आहे. जमिनीत खोलवर थंडी पोचत नाही. तिथलं पाणी बारा महिने साधारण एकाच तापमानाला राहतं, आमच्या भागात पंचवीस अंशांच्या आसपास. बागायतदार हे पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहेत, कडाक्याच्या थंडीत पहाटे बागेला पाणी देतात ते त्याचसाठी. आणि आपण घरी काय करतो? संध्याकाळी टाकी काठोकाठ भरून ठेवतो. ती रात्रभर गच्चीवर गारठते, पंचवीसचं पाणी पंधरावर येतं, आणि पहाटे तेच दहा अंश विकत घेतो.

म्हणून दिवाळीनंतर टाकी भरायची वेळ बदला. रात्री टाकी उतरू द्या, अडीअडचणीला स्वयंपाकघरात एक पिंप भरून ठेवा, आणि मोटार पहाटे आंघोळीच्या अर्धा तास आधी लावा. पंचविसाचं पाणी चाळिसावर न्यायला बादलीला ३०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे ५०० च्या जागी ३००. पाच बादल्यांना महिन्याला पस्तीस युनिटं वाचतात, आणि त्यासाठी काहीही विकत आणावं लागत नाही. मोटार तर तुम्ही तशीही लावणारच होता. बंब वापरणाऱ्यांनी टाकीच्या नादाला लागूच नये, नळी थेट बंबाला लावावी.

नगरपालिकेच्या पाण्यावर असाल तर हे जमणार नाही. पण गच्चीवर काळा प्लॅस्टिकचा पिंप ठेवता येतो. कठड्याला दक्षिणेकडून ऊन लागतं त्या जागी ठेवा, सकाळी दहाला भरा, झाकण लावा. दुपारी तीनला पाणी चांगलं कोमट झालेलं असतं. शाळेतून आलेल्या पोरांच्या आंघोळी, बायकांचं न्हाणं, कपडे भिजवणं, सगळं त्यात होतं. चारनंतर वापरायचं असेल तर पिंपाला जुनी गोधडी किंवा दोन-तीन गोण्या गुंडाळा. आमच्या आईला पारोसं राहून चहासुद्धा चालत नाही, तिला दुपारच्या आंघोळीचं सांगायची माझी हिंमत नाही. बाकीच्यांना मात्र सुट्टीच्या दिवशी दुपारची सवय लावली आहे.

गिझर

आता यंत्राकडे. गिझर उघडायच्या आधी त्याचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला वीज तोडणारा खटका, पाडा, टेस्टर लावून खात्री करा, मगच हात घाला. अर्थिंगची शंका असेल तर स्वतः उघडूच नका, माणूस बोलवा.

सगळ्यात आधी थर्मोस्टॅट पाहा. खालचं झाकण काढलं की आत छोटी चकती असते, स्क्रूड्रायव्हरनं फिरते. काही गिझरला बाहेरच बटण असतं. पुष्कळ गिझर ७०-७५ वर लावलेले मला सापडतात. तो ६० वर आणा. इतक्या कढत पाण्यात आपण गार पाणी मिसळतोच, मग आधी जास्त तापवायचं कशाला? पंधरा अंशांच्या थंडीत ७५ चा गिझर जितकी उष्णता नुसती उभ्या-उभ्या गमावतो, त्याहून ६० चा गिझर पाव हिस्सा कमी गमावतो. शिवाय साठच्या वर पाण्यातला क्षार झपाट्यानं बसतो. साठच्या फार खालीही नेऊ नका, साठवलेल्या कोमट पाण्यात जंतू वाढतात.

क्षाराबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याबद्दल गैरसमज फार आहे. कॉइलवर पांढरा थर बसला की बिल दुप्पट होतं, असं सांगून लोकांना घाबरवतात. तसं होत नाही. कॉइल पाण्यात बुडलेली असते, तिची उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पण थराखाली कॉइल स्वतः लालबुंद होते आणि एक दिवस फुटते. फुटलेल्या कॉइलमधून पाण्यात करंट उतरतो. थर्मोस्टॅटच्या नळीवर क्षार बसला तर त्याला पाण्याचं खरं तापमान कळत नाही. आणि टाकीच्या तळाला खवल्यांचा ढीग साचला की पंधरा लिटरच्या गिझरमध्ये पाणी बारा-तेरा लिटरच मावतं, मग घरचे म्हणतात पूर्वीइतकं पुरत नाही. बोअरचं पाणी असेल तर वर्षातून एकदा गिझर उघडून साफ करून घ्या. साफ करणाऱ्याला आतला मॅग्नेशियमचा रॉड दाखवायला सांगा. तो स्वतः झिजतो आणि टाकीला गंजू देत नाही. पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल तर बदला. रॉड स्वस्त आहे, टाकी महाग. सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब-थेंब पाणी येत असेल तर ते बुजवू नका, कोणी कितीही सांगू दे. तो व्हॉल्व्ह अडला की टाकी फुटते.

गिझर दिवसभर चालू ठेवावा की लागेल तेव्हा लावावा, हा घरोघरी वादाचा विषय. लागेल तेव्हाच. पंधरा लिटरचा दोन हजार वॅटचा गिझर पंधरा अंशांवरून साठवर यायला चोवीस मिनिटं लागतात, पाऊण युनिटाहून किंचित जास्त. त्यातून गार पाणी मिसळून सव्वा बादलीहून थोडं जास्त निघतं. म्हणून आंघोळीच्या अर्धा तास आधी लावा, आणि घरातल्यांनी एकामागून एक आंघोळी उरका. एक सहाला, दुसरा साडेसातला, तिसरा नऊला असं झालं की मधल्या वेळात टाकी आणि पाइप दोन्ही गार होतात. अर्ध्या इंची पाइपच्या दर आठ मीटरला साधारण लिटरभर पाणी असतं. गिझर गच्चीजवळ आणि बाथरूम खालच्या मजल्यावर असेल तर प्रत्येकाच्या आंघोळीआधी एवढं गार पाणी मोरीत जातं आणि आंघोळीनंतर तेवढंच गरम पाणी पाइपात अडकून राहतं. गरम पाण्याच्या उघड्या पाइपवर काळ्या फोमची नळी चढवा. उन्हात तो फोम दोन वर्षांत भुगा होतो, तेव्हा बाहेरच्या भागावर अ‍ॅल्युमिनियमची टेप गुंडाळा.

बादलीनंच आंघोळ करा. साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. दहा मिनिटांचा शॉवर म्हणजे चार-पाच बादल्या.

नवा गिझर घेताना ताऱ्यांच्या स्टिकरवर स्टँडिंग लॉस लिहिलेला असतो तो वाचा; चोवीस तासांत नुसतं पाणी गरम राखायला किती युनिट जातात तो आकडा. तो जितका लहान तितका चांगला. आणि लोखंडी बादलीत हीटरची कांडी टाकून पाणी तापवत असाल तर कृपा करून ते थांबवा. स्विच बंद केल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका, आणि घरात करंट गळला की लगेच वीज तोडणारा ३० मिलीअँपियरचा आरसीसीबी नसेल तर बाकी सगळं सोडून तो आधी बसवा.

सोलर

पाणी तापवायचं सोलर असेल त्यांची एक नेहमीची तक्रार: "उन्हाळ्यात उकळतं, थंडीत कोमटच येतं." मी गच्चीवर जातो तेव्हा निम्म्या वेळा कारण सावली असतं. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारी बारालाही सूर्य क्षितिजापासून साधारण ४६ अंशच वर असतो, दक्षिणेकडे झुकलेला. तेव्हा कुठल्याही भिंतीची सावली दुपारी तिच्या उंचीएवढी लांब पडते. मे महिन्यात सोलर बसवताना शेजारच्या जिन्याची खोली लांब वाटते, डिसेंबरात तिची सावली नळ्यांवर चढते. आता दिवाळीच्या आधीच सकाळी नऊ, बारा आणि तीनला गच्चीवर जाऊन पाहा. सावली येत असेल तर सोलर सरकवून घ्या. नळ्या दक्षिणेकडे तोंड करून ३०-३५ अंशांवर असाव्यात. नाशिक विसाव्या अक्षांशावर आहे, पण थंडीतल्या खालच्या उन्हासाठी दहा-पंधरा अंश जास्त लागतात.

नळ्यांवरची धूळ ओल्या फडक्यानं पुसा, सकाळी गार असतानाच. उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर ती तडकते. सकाळी नळ सोडल्यावर येणारं पहिलं गार पाणी बादलीत धरून फरशीला वापरा. आंघोळी सकाळी होत असतील तर संध्याकाळी सोलरचं पाणी भांड्यांना काढू नका. जितकं काढाल तितकं गार पाणी टाकीत शिरतं आणि रात्रभरात सगळंच कोमट करून टाकतं. टाकीतल्या बॅकअप कॉइलचं बटण वेगळं ठेवा. ते चालू राहिलं की तुम्ही सोलरच्या नावाखाली विजेवरच आंघोळ करत असता.

बंब

आमच्या घरी पडवीत आजही तांब्याचा बंब आहे. मधल्या नळीत जाळ आणि भोवती पाणी, अशी ती रचना. जाळाला चारी बाजूंनी पाणी वेढून असतं म्हणून ओंजळभर काटक्यांत एका माणसाचं पाणी होतं. उन्हाळ्यात खरड छाटणीच्या द्राक्षाच्या काड्या निघतात, त्यांच्या मोळ्या बांधून पावसाळ्यात पत्र्याखाली कोरड्या ठेवल्या की थंडीभर पुरतात. तुरकाठ्या आणि मक्याची बिट्टंही चालतात. मात्र औषधं फवारलेल्या काड्या स्वयंपाकाच्या चुलीला लावू नका. थंडी सुरू व्हायच्या आधी नळीतली काजळी लांब दांड्याच्या ब्रशनं काढा, खालची जाळी आणि राख साफ करा. नियम एकच: आधी पाणी, मग विस्तव. रिकाम्या बंबाला जाळ लागला की डाग दिलेले सांधे सुटतात आणि तो आयुष्यभर गळतो. बंब उघड्या पडवीत हवा, बंद मोरीत कधीच नको.

इथे गॅस गिझरचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही वर्षांपूर्वी एका घरी मी पंख्याचं काम करत होतो. त्यांची दहावीतली मुलगी आंघोळीला गेली, वीस मिनिटं झाली तरी हाकेला ओ देईना. दार फोडलं तेव्हा ती खाली पडलेली होती. थंडी लागते म्हणून झरोक्याला पुठ्ठा लावलेला आणि गॅस गिझर आतच. कार्बन मोनॉक्साइड, ना वास, ना रंग. उघड्या हवेत आणलं, दवाखान्यात नेलं, वाचली. तिच्या आईचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. गॅस गिझर स्वस्त पडतो हे खरं, पण तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा आणि आत फक्त पाइप आणा. बसवलेला आत असेल तर या दिवाळीच्या आत बाहेर काढा. तेच कोळशाच्या शेगडीचं: दारं-खिडक्या लावून झोपताना ती खोलीत ठेवू नका, विझत आलेलीसुद्धा.

घर

सोलरवर सावली टाकणारं ते खाली झुकलेलं ऊन घरासाठी मात्र वरदान आहे. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर दुपारी ऊन सहा-साडेसहा फूट आत येतं. दहा ते चार पडदे पूर्ण उघडे ठेवा, तिथली सतरंजी काढा आणि फरशी तापू द्या. ऊन उतरलं की लगेच खिडक्या बंद, पडदे खाली, सतरंजी परत फरशीवर. बरेच जण याच्या उलट करतात: दिवसभर पडदे लावलेले, आणि रात्री दहाला थंडी वाजली की खिडकी लावायची.

अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या कडेला केसाळ पट्टी असते, ती झिजली की रात्रभर वारा शिरतो. खिडकीवाल्याकडे मीटरच्या मापानं मिळते, जुनी ओढून काढायची आणि नवी खाचेत सरकवायची. अगरबत्ती पेटवून खिडकीच्या कडेनं फिरवा. धूर आत ढकलला जाईल तिथे फट आहे. दाराखालच्या फटीला जुन्या साडीची गुंडाळी पुरते. मात्र घरात चूल किंवा शेगडी असेल तर झरोका बुजवू नका.

पत्र्याचं घर असेल तर रात्री पत्रा उघड्या आभाळाकडे उष्णता फेकत असतो, म्हणून पहाटे त्याच्या आतल्या बाजूनं दंव ठिबकतं. पत्र्याखाली चार बोटं जागा सोडून बांबूचे तट्टे बांधा. मधली कोंडलेली हवाच काम करते. माझ्या दुकानात मी हे केलं आहे, उन्हाळ्यातही उपयोग होतो.

रूम हीटर शेवटी. दोन हजार वॅटचा हीटर आठ तास म्हणजे सोळा युनिटं. आठवड्यात शंभराच्या वर. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर लावा, पण झोपायच्या आधी तासभर लावून खोली उबदार करा आणि बंद करा. एरवी गोधडी. तिच्यात जुन्या लुगड्यांचे सहा-सात थर असतात आणि प्रत्येक दोन थरांमध्ये हवा. वर्षभर दडपून ठेवलेली गोधडी चपटी होते. दोन दिवस कडक उन्हात घालून काठीनं झोडपली की ती फुगते आणि पुन्हा ऊब धरते. खाली चटई आणि तिच्यावर घोंगडी घातल्याशिवाय वर कितीही पांघरलं तरी फरशी अंगातली ऊब ओढून घेते.

पायाशी गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवा. दोन लिटर पाणी पंधरावरून सत्तरवर न्यायला एका युनिटाचा आठवा हिस्सा लागतो आणि माणूस अर्धी रात्र उबेत झोपतो. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना आणि लहान मुलांना ती अंगाला लावून देऊ नका, जाड टॉवेलात गुंडाळून थोडी लांब ठेवा. वापरण्याआधी पिशवी भरून मोरीवर पाच मिनिटं उलटी धरा. बुचाचा वॉशर कडक झाला असेल तर तिथूनच ठिबकायला लागेल. वॉशर तेवढा बदलून मिळतो.